साडेपाच वाजताची काळजी

रात्रीचे नऊ वाजले की सिस्टर स्टुलावर चढायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाला उशीचा अभ्रा घालायच्या. पांढराशुभ्र, इस्त्री केलेला, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल. पहाटे पाचला तो निघायचा, घडी होऊन कपाटात जायचा. घड्याळाचे ठोके त्यांनी आधीच बंद करून टाकले होते. गजराचं छोटं घड्याळ होतं, ते स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे, तोंड भिंतीकडे करून. गजर ऐकू यायचा, पण वेळ बघायची सोय नव्हती.

मी त्या घरात राहायला गेले त्या पहिल्याच रात्री हा प्रकार बघितला आणि मनात म्हटलं, झालं, आपण वेड्या बाईच्या घरात आलो.

"रात्री वेळ बघायची नाही," स्टुलावरून उतरत त्या म्हणाल्या. "वेळ बघून कुणाला झोप आलेली नाही. उजाडायला किती उरलंय याची मोजणी तेवढी सुरू होते."

मी काही विचारलं नव्हतं. माझ्या झोपेबद्दल तर मी चकार शब्द काढला नव्हता.

ही साठीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. बोरिवलीला स्टेशनच्या पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिस्टरांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. मागे भातशेती, पलीकडे ताडाची झाडं. स्टेशनपासून टांगा यायचा, पण सिस्टर टांग्यात बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. उंच, काटकुळ्या, पन्नाशी उलटलेल्या. मूळच्या मालवणकडच्या, पण शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात बावीस वर्षं रात्रपाळी केलेली. बोलणं वॉर्डातलं, तोडून टाकल्यासारखं. चिडल्या की मात्र मालवणी बाहेर यायची. लग्न केलं नव्हतं. गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

मी चोवीस वर्षांची. कांदिवलीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. त्याआधी गिरगावात मामांकडे राहायचे. रात्र रात्र माझ्या खोलीत दिवा जळतो म्हणून मामी वैतागली, तेव्हा जागा शोधत इकडे आले. वडील जाऊन आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत मी धड झोपले नव्हते. आधी झोपेची एक गोळी घ्यायचे, मग दोन. बाटली ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी मला स्वयंपाकघरात थांबवलं.

"किती घेतेस?"

"काय?"

"गोळ्या. सकाळी तुझं पाऊल जमिनीवर कसं पडतं ते बघते आहे मी चार दिवस. पायऱ्या नसतात तिथे तू पायरी उतरतेस."

खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण त्या नुसत्या बघत राहिल्या. "दोन," मी म्हणाले.

"बरं. शनिवारी डॉक्टरांकडे जाऊ."

मला वाटलं होतं की भाडेकरूला काढून टाकतील. त्याऐवजी शनिवारी त्या मला हाताला धरून स्टेशनजवळच्या त्या तरुण डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, ज्यांच्याकडून मी इकडे आल्या आल्या नवी बाटली आणली होती. दवाखाना भरलेला होता. सिस्टर सरळ आत शिरल्या.

"डॉक्टर, ही मुलगी चोवीस वर्षांची आहे. हिला या गोळ्या म्हातारी होईपर्यंत द्यायचा विचार आहे का?"

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी तरी काय करू, सिस्टर? माणसं येतात आणि रडतात. त्यांच्याशी तासभर बोलायला मला वेळ नाही."

"मला आहे," सिस्टर म्हणाल्या. "एकदम बंद करणार नाही, ते मला कळतं. दर आठवड्याला पाव गोळी कमी. दर शनिवारी हिला तुमच्यासमोर उभी करीन. तुम्हाला ठीक वाटलं तरच पुढे जायचं. चालेल?"

डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमची तयारी आहे का?"

माझी तयारी नव्हती. पण दोघं माझ्याकडे बघत होते, म्हणून मी मान हलवली.

परतताना सिस्टर म्हणाल्या, "औषध वाईट नसतं. ज्याला लागतं त्याला लागतंच, त्याने घ्यावं. तुला लागत नाही. तुला दुसरं काहीतरी लागतंय, ते काय ते बघू."

त्या दिवशी माझी बाटली त्यांच्या कपाटात गेली. रोज रात्री त्या दाढीच्या पात्याने गोळीचे तुकडे करायच्या आणि माझा वाटा बशीत काढून द्यायच्या.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला गल्लीतले लोक सिस्टरची शाळा म्हणत.

पहिला धक्का खाटेचा. मी रात्री साडेनऊलाच आडवी व्हायचे, झोप येईल या आशेने. सिस्टरांनी विचारलं, "खरी झोप किती लागते?" मी म्हटलं, "साडेचार तास, फार तर पाच."

"मग खाटही पाचच तास मिळेल. बारा ते पाच. बाराचाही गजर लावीन. त्याआधी खाटेवर बसायचंसुद्धा नाही."

"बारापर्यंत करू काय?"

"जागी राहा. त्यात तर तू पटाईत आहेस."

आठ महिने झोपेसाठी तळमळलेल्या माणसाला जागं राहायची शिक्षा! पहिल्या आठवड्यात गजराच्या कितीतरी आधी माझी मान कलंडायला लागायची. सिस्टर मला उभी करायच्या, अंगणात फेऱ्या मारायला लावायच्या, स्वतः बरोबर चालायच्या. बाराला खाटेवर पडले की मात्र डोळे टक्क उघडे. आणि पडून तळमळायलाही बंदी. थोड्या वेळात झोप लागली नाही तर उठायचं, स्वयंपाकघरात पाटावर बसायचं आणि बटणं निवडायची.

बटणांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. शर्टाची, कोटाची, पोलक्याची, दोन भोकांची, चार भोकांची. मंद दिव्यात ती वेगळी करायची. डोळे मिटायला लागले की उठून खाटेवर जायचं. निवडून झाली तर? तर काही नाही, सकाळी सिस्टर ती सगळी पुन्हा एकत्र करून ठेवायच्या.

"एखादं पुस्तक वाचलं तर?" मी एकदा विचारलं.

"पुस्तक चांगलं असलं तर जागी राहशील. वाईट असलं तर चिडून जागी राहशील. बटणं बरी."

एका रात्री मी हट्टाने पडूनच राहिले. छताकडे बघत, हुंदके दाबत. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. "ऊठ गो चेडवा. खाट झोपाक असता, विचार करूक नाय!" त्या मालवणीत ओरडल्या तशी मी उठले.

दुपारी तीननंतर चहा बंद. ऑफिसात चारच्या चहाला मी एकदा चोरून अर्धा कप घेतला, तर घरी शिरता शिरता त्यांनी ओळखलं. रविवारीसुद्धा पहाटे पाचलाच उठायचं, आदली रात्र कितीही वाईट गेलेली असो. "रात्र तुझ्या हातात नाही. सकाळ आहे. हातात आहे ते घट्ट धर." रविवारी आम्ही दोघी चालत खाडीपर्यंत जायचो. धक्क्यावर गोराईच्या होडीची वाट बघणाऱ्या माणसांत थोडा वेळ बसायचो आणि चालत परत. दुपारी डोळा लागेल म्हणून त्या मला खुर्चीतसुद्धा टेकू द्यायच्या नाहीत.

पण सगळ्यांत विलक्षण होती ती काळजीची वेळ.

माझं ऑफिस साडेचारला सुटायचं. सव्वापाचपर्यंत मी घरी. साडेपाचला पुढच्या दाराच्या पायरीवर दोघींनी बसायचं. सिस्टरांकडे शाळकरी पोरांची दगडी पाटी होती. मनात ज्या ज्या काळज्या असतील त्या मोठ्याने बोलायच्या, सिस्टरांनी त्या पाटीवर लिहून घ्यायच्या. ज्याच्यावर काही करण्यासारखं असेल त्याचं काय करायचं ते लगेच ठरवायचं. सहा वाजले की ओल्या फडक्याने पाटी पुसायची. मग दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत काळजी करायची नाही. रात्री आली तर तिला सांगायचं, आता नाही, उद्या साडेपाचला ये.

"आणि तिने ऐकलं नाही तर?"

"पहिले काही दिवस नाही ऐकणार. पुन्हा सांगायचं. सवय लागते काळजीलाही."

हे त्या सगळ्यांनाच लावायच्या. शेजारीण सकाळी सुनेची तक्रार घेऊन आली की सिस्टर दारातूनच, "साडेपाचला या!" आणि ती खरंच यायची.

मासे विकणारी कोळीण होती, गोराईहून टोपली घेऊन यायची. चांगली दणकट बाई, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. एकदा तिला परतायला उशीर झाला, आणि आम्ही पायरीवर बसलेल्या बघून ती टोपली उतरवून शेजारी बसली. "शिस्टर, माझी पन लिवा काळजी."

"बोल."

"जावई. पोरीला धाडीत नाय म्हायेरा. दोन सन झाले."

सिस्टरांनी गंभीरपणे लिहिलं, 'जावई.' दोघींनी बसून ठरवलं की पोरीच्या थोरल्या भावाने पुढच्या आठवड्यात जाऊन बोलायचं. सहा वाजले. सिस्टरांनी फडकं फिरवलं.

कोळीण ताडकन उठली. "पुसली कशाला? जावई हाय ना अजून!"

"जावई आहेच," सिस्टर म्हणाल्या. "तो काही पाटीने जाणार नाही. पण त्याला रात्री तुझ्या अंथरुणात कशाला घेतेस?"

त्यावर ती कोळीण पदर तोंडाला लावून इतकी हसली, की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. वडील गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

मात्र माझ्या पाटीवर एक गोष्ट कधीच आली नाही. मी ऑफिसबद्दल बोलायचे, आईच्या पत्राबद्दल, भावाच्या नोकरीबद्दल. सिस्टर लिहून घ्यायच्या आणि थोडं थांबायच्या. "आणखी?" मी म्हणायचे, "नाही."

सहावा आठवडा आला, गोळी अर्ध्यावर आली, आणि माझी पुरती वाट लागली. सलग तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. ऑफिसात एका गिऱ्हाइकाचं पत्र दुसऱ्याच्या पाकिटात घातलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, "पुन्हा असं झालं तर मला दुसरी टायपिस्ट बघावी लागेल." साडेपाचला ते पाटीवर आलं. सहाला पाटी पुसली गेली, पण डोक्यातून ते गेलं नाही.

त्या रात्री बटणं निवडता निवडता मी उठले आणि सिस्टरांचं कपाट उघडलं. बाटली सापडली. झाकण काढलं, दोन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि मागे वळले, तर सिस्टर दारात.

मला वाटलं, हिसकावून घेतील. त्या पाटावर बसल्या.

"घ्यायच्या तर घे," त्या म्हणाल्या. "मी हात धरणार नाही. पण आधी एक सांग. तुला झोप येत नाही, की तू येऊ देत नाहीस?"

मी उभीच होते. गोळ्या घामाने ओल्या झाल्या होत्या. मग मी बोलायला लागले.

वडिलांचं दुखणं लांबलं होतं, म्हणून मी रजा काढून गावी गेले होते. शेवटच्या दिवसांत आई आणि मी पाळीपाळीने बसायचो. त्या रात्री आई मला म्हणाली होती, चारला मला उठव, मग तू झोप. तीनच्या सुमाराला भिंतीला टेकल्या टेकल्या माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा फटफटलं होतं आणि वडील गेलेले होते. हात गार पडला होता. आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून डोळे जड झाले की छातीत धस्स होतं, कुणीतरी हाक मारतंय आणि आपण झोपतोय असं वाटतं.

सिस्टरांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दुखणं काय होतं? पायावर सूज होती का? श्वास कसा होता, मध्येच थांबून पुन्हा सुरू व्हायचा का? आदल्या दिवशी किती बोलले? लघवी झाली होती का? मी आठवून आठवून उत्तरं दिली.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तू जागी असतीस तर आईला उठवलं असतंस. आई रडली असती. ते रडणं ऐकत ते गेले असते. एवढाच फरक."

"वाचले नसते?"

"नाही."

"नक्की?"

"तुझं मन राखायला मी खोटं बोलत नाही. तू जागी असतीस तर वाचले असते असं असतं, तर तेही सांगितलं असतं. बावीस वर्षं बघितलंय मी. हातात हात धरून बसलेले असताना माणसं गेलीत माझ्यासमोर."

मी खाली बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग पाण्याचं भांडं पुढे केलं आणि म्हणाल्या, "आता माझं ऐक. रात्री काळजी बोलायची नाही हा नियम मोडलाच आहे, तर पुरता मोडू."

रात्रपाळीनंतर त्यांना दिवसा झोप यायची नाही. म्हणून त्या गोळ्या घ्यायला लागल्या. वॉर्डातल्याच, न विचारता. सहा वर्षं घेतल्या. एका रात्री डोकं जड असताना त्यांनी नऊ नंबरच्या रुग्णाची सुई भरली आणि अकरा नंबरच्या बाईचा दंड पुसायला घेतला. त्या बाईने हात मागे घेतला. म्हणाली, "सिस्टर, मला सुई नाहीये."

"ती जागी होती म्हणून वाचली," सिस्टर म्हणाल्या. "मी जागी असून झोपलेली होते. सकाळी स्वतः जाऊन मेट्रनला सांगितलं. त्या म्हणाल्या, काही झालं नाही ना, मग विसरा. मी त्याच दिवशी राजीनामा दिला. गोळ्या सोडायला मला पुढे पाच महिने लागले. तेव्हापासून सुई हातात धरलेली नाही."

मग मी गोळ्या बाटलीत टाकल्या आणि बाटली त्यांच्यापुढे धरली.

"मला नको. तुझ्या ट्रंकेत ठेव," त्या म्हणाल्या. "माझ्या कपाटात असली की ती तुला बोलावत राहते. तुझी आहे, तूच सांभाळ. पातंही तूच घे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्याही नाही. पण मी पाचला उठले, आंघोळ केली, ऑफिसला गेले, आणि त्या आठवड्यात एकही पत्र चुकीच्या पाकिटात गेलं नाही. साडेपाचला पाटीवर मी स्वतःच्या हाताने 'बाबा' असं लिहिलं. सिस्टरांनी फडकं माझ्या हातात दिलं. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग मीच हट्टाला पेटले. बटणं, फेऱ्या, खाडी, पाटी. शनिवारी डॉक्टर मला बघायचे, मान हलवायचे, पाव गोळी कमी व्हायची. एकदा त्यांना माझा चेहरा बरा वाटला नाही, म्हणून एक आठवडा तिथेच थांबलो. सिस्टरांनी काही घाई केली नाही.

शेवटचा पाव तुकडा संपला आणि उरलेली बाटली मी डॉक्टरांना परत नेऊन दिली, त्यानंतर दहाएक दिवसांनी असेल. थंडी पडायला लागली होती. मला जाग आली ती कुणीतरी खांदा हलवतंय म्हणून. समोर सिस्टर. अंगणात अजून काळोख.

"गजर झाला का?" मी गोंधळून विचारलं.

"झाला."

"मला ऐकूच आला नाही."

"तेच बघत उभी होते." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "सात मिनिटं उशीर झाला तुला. चल, ऊठ."

पाच म्हणजे पाच हा नियम लावणारी ती बाई माझ्या खाटेशी सात मिनिटं नुसती उभी राहिली होती.

पुढे खाटेचे तास हळूहळू वाढले, पंधरा पंधरा मिनिटांनी. साडेअकरा झाले, अकरा झाले. वाईट रात्री मधूनमधून यायच्या, पण त्यांची दहशत गेली. एकदा सहज विचारल्यावर कळलं की खुद्द सिस्टरांनाही आठवड्यातल्या दोन रात्री झोप यायची नाही. मी चकित झाले. "मग हे सगळं करून तुम्हाला काय मिळालं?"

"मी तिची वाट बघत नाही, हे मिळालं," त्या म्हणाल्या. "नाही आली तर नाही. सकाळी काम आहे."

पण काम तर त्यांना नव्हतं. ते बहुधा त्यांनाही त्याच क्षणी जाणवलं असावं.

नंतरच्या वर्षी आमच्या रस्त्यावर एक छोटं प्रसूतिगृह निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाई दोनदा घरी येऊन गेल्या. अनुभवी सिस्टर मिळत नाही, तुम्ही याच म्हणून. सिस्टर दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या बाई साडेपाचला आल्या. सिस्टरांनी त्यांना पायरीवर बसवलं आणि पहिल्यांदाच स्वतःची काळजी पाटीवर लिहिली. एकच शब्द होता, 'सुई'.

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. सिस्टरांनी त्यांना अकरा नंबरच्या बाईची गोष्ट सांगितली, काही न लपवता. मग म्हणाल्या, "आता सांगा, हवी आहे का मी तुम्हाला?"

बाईंनी पाटीवरचा शब्द पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "हे स्वतःहून सांगणारी मला दुसरी कुठे मिळेल? दिवसपाळी देते. सोमवारी या."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. फडकं ओलं करून त्यांच्या हातात दिलं.

आठवडाभर त्यांनी रोज दोन तास सुईचा सराव केला. स्वयंपाकघरात बसून, संत्र्यात. मी ऑफिसातून यायचे तर पाटावर भोकं पडलेली संत्री मांडलेली असायची, आणि ती आम्ही दोघींनी खायची. रविवारी रात्री त्यांना झोप लागली नाही हे मला माहीत आहे, कारण मी उठले होते तेव्हा त्या बटणं निवडत होत्या. सोमवारी सकाळी त्या पांढरं पातळ नेसून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून निघाल्या. फाटकाशी क्षणभर थांबल्या, हात समोर धरून बोटांकडे बघितलं, आणि ताठ मानेने चालू लागल्या.

मी दिवसभर ऑफिसात घड्याळाकडे बघत होते. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा पातळाला डाग पडले होते, अंबाडा सुटायला आला होता.

"कसं झालं?" मी धावतच विचारलं.

सिस्टर पायरीवर बसल्या. चपला काढल्या, पाय लांब केले.

"दोन मुलगे, एक मुलगी," त्या म्हणाल्या. "आया तिघी झक्क झोपल्यात. पोरं मात्र टक्क जागी."